देशांची तुलना करताना आधी छेद बघा: आरोग्य आणि शाश्वत विकासाचे आकडे वाचण्याची रीत

"मॅडम, हे तर उलटंच दिसून राहिलं."

नागपुरात सीताबर्डीला दर शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण अभ्यासाला बसतो. कुणी नर्सिंगची, कुणी एमएसडब्ल्यूची, दोघं एमपीएससीची तयारी करणारी. त्यातल्या एकीने वही माझ्यापुढे सरकवली. दोन रकाने आखलेले: भारत आणि जपान. वर्ष २०२०, दर हजार लोकसंख्येमागे मृत्यू. भारत ६, जपान ११. खाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह, आणि त्याभोवती तीनदा गिरवलेला गोल.

आकडे दोन्ही बरोबर होते. जपानी माणसाचं सरासरी आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास, आपलं त्याहून बारा-चौदा वर्षांनी कमी. मग मृत्यूदर तिकडे जवळजवळ दुप्पट कसा? छेदाकडे, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागलं तिच्याकडे, पाहिलं की उलगडा होतो. जपानमध्ये शंभरातले २८-२९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत, आपल्याकडे जेमतेम सात. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे मृत्यूही जास्तच होणार.

तेव्हापासून आमच्या वर्गात "आधी छेद बघा" हे वाक्य रूढ झालं. सार्वजनिक आरोग्य आणि शाश्वत विकास या दोन बाबतींत देशादेशांची तुलना कशी करायची, ती पद्धत आम्ही चुकत-सुधारत बसवली आहे. ती इथे पायरीपायरीने मांडते आहे. लागणारं सामान फार नाही: एक वही, गूगल शीट किंवा एक्सेल, आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी.

आरोग्य आणि शाश्वत विकास एकत्र का, असं काही जण विचारतात. नागपूरकराला तरी हे परकं वाटू नये. आपली नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ साली सुरू झाली ती 'केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था' या नावाने, आणि १९७४ मध्ये तिच्या नावात पर्यावरण आलं. नळाचं पाणी, गटार, हवा आणि माणसाची तब्येत हा एकच विषय आहे, हे या शहरातल्या संस्थेच्या नावातच नोंदलेलं आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"जगात भारत कुठे आहे?" या प्रश्नाला काहीही उत्तर देता येतं, म्हणून त्याचा उपयोग नाही. "श्रीलंकेत बाळंतपणात बाया कमी दगावतात, त्यातलं काय आपल्याकडे करता येईल?" हा प्रश्न कामाचा. त्यात कोण, काय आणि कशासाठी हे तिन्ही आलं. वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहा आणि पुढचं सगळं काम त्याच्याकडे बघत करा. आकडे गोळा करता करता मन भरकटतं, हे मी दरवर्षी बघते.

प्रश्न ठरला की देश आपोआप ठरतात. पाच पुरेत. तीन-चार आपल्यासारखी परिस्थिती असलेले, म्हणजे श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, व्हिएतनाम वगैरे, आणि एखादा श्रीमंत देश, कुठवर जाता येतं ते कळायला. फक्त नॉर्वे आणि भारत शेजारी ठेवले तर त्यातून निराशेपलीकडे काही हाती लागत नाही.

भारत हा एकच रकाना म्हणून फार मोठा आहे, हेही ध्यानात ठेवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, म्हणजे जवळपास एक जपान. केरळ ३.३४ कोटी, श्रीलंकेपेक्षा मोठं. म्हणून शक्य तिथे राज्याला देशाशेजारी बसवा. तुलना जास्त खरी होते.

दुसरी पायरी: प्रत्येक निर्देशकाची चिठ्ठी बनवा

२०१५ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी १७ शाश्वत विकास ध्येयं मान्य केली. त्यांखाली १६९ लक्ष्यं आहेत आणि मुदत २०३०. एवढ्या पसाऱ्यातून तुम्हाला पाच-सहा निर्देशक घ्यायचे आहेत. मी सहसा हे घेते: मातामृत्यू गुणोत्तर, पाच वर्षांखालील बालमृत्यूदर, मुलांमधलं खुजेपण (वयाच्या मानाने उंची कमी असणं), क्षयरोगाचं प्रमाण, औषधपाण्याच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा, आणि दरडोई कार्बन उत्सर्जन.

प्रत्येकासाठी एक चिठ्ठी. तिच्यावर पाच ओळी: अंश काय, छेद काय, वर्ष कोणतं, मोजलं कोणी, आणि कसं मोजलं. मातामृत्यूची चिठ्ठी करून दाखवते.

अंश: गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच कारणाने झालेले मृत्यू. अपघात वगैरे यात धरत नाहीत.
छेद: एक लाख जिवंत जन्म. लोकसंख्या नव्हे, बायकांची संख्याही नव्हे.
वर्ष: २०१८-२०. तीन वर्षांचा एकत्रित आकडा.
कोणी: भारताचं महानिबंधक कार्यालय.
कसं: नमुना नोंदणी पद्धतीने, म्हणजे एसआरएसमधून.
आकडा: भारत ९७, महाराष्ट्र ३३, केरळ १९, आसाम १९५.

आता जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ साली आलेला अहवाल उघडा. त्यात २०२० साठी भारतापुढे १०३ दिसेल. मग ९७ खरं की १०३? दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एक नमुना पाहणीतून आलेला, दुसरा सर्व देशांना एकाच मापाने मोजता यावं म्हणून गणिती प्रारूपातून काढलेला. देशाशी देश ताडायचा असेल तर सगळ्यांसाठी १०३ वाला अहवाल वापरा. त्यात श्रीलंका २९, बांगलादेश १२३, पाकिस्तान १५४, नेपाळ १७४ आहे. राज्याशी राज्य ताडायचं असेल तर एसआरएस. एका देशाचा आकडा इकडून आणि दुसऱ्याचा तिकडून उचलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि ती परीक्षेच्या गाइडांतही छापलेली सापडते.

आणखी एक. असे जागतिक अंदाज दर काही वर्षांनी नव्याने काढतात, तेव्हा मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. जुन्या अहवालातलं २०१० आणि नव्या अहवालातलं २०२० जोडून सुधारणा मोजू नका. नव्या अहवालातच दोन्ही वर्षं मिळतात.

चिठ्ठी झाली की दर परत माणसांत मोजा. भारतात वर्षाला साधारण २.४ कोटी बाळं जन्मतात. लाखामागे १०० च्या आसपास दर म्हणजे वर्षाला सुमारे २४,००० बाया. २०३० पर्यंत जगाचं गुणोत्तर ७० च्या खाली आणायचं ध्येय आहे. महाराष्ट्र ३३ वर, म्हणजे ते केव्हाच गाठलेला. तरी हा हिशेब मी प्रत्येक वेळी करायला लावते, कारण दराकडे बघता बघता त्यामागची घरं दिसेनाशी होतात.

तिसरी पायरी: आकडे कुठून घ्यायचे

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. देशांच्या तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 'ग्लोबल हेल्थ ऑब्झर्व्हेटरी' आणि जागतिक बँकेचं 'वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स' पुरतात. दोन्ही फुकट आहेत आणि एक्सेलमध्ये उतरवता येतात. बालमृत्यूसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा एकत्रित अंदाज घ्या. भारतातल्या राज्यांसाठी एसआरएस आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, राज्यांच्या ध्येयांसाठी नीती आयोगाचा शाश्वत विकास निर्देशांक. बातमीतला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा थेट तक्त्यात घालू नका. तो कोणत्या अहवालातला आहे ते शोधा, मगच घ्या.

चौथी पायरी: मोजलं कसं ते विचारा

मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कधी दुपारच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेपाशी थांबून पत्ते वाचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, आणि सीमेपलीकडचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट. विदर्भाचाच नव्हे, मध्य प्रदेशाचाही अवघड रुग्ण नागपूरला येतो. आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते. शिवनीकडची एखादी बाई शेवटच्या क्षणी इथे आणली आणि दगावली, तर तिचा मृत्यू नागपुरात नोंदला जातो. नोंदणीच्या रजिस्टरवरून नागपूर आणि शेजारचा एखादा ग्रामीण जिल्हा यांची तुलना केली तर नागपूर वाईट दिसेल, आणि ज्या तालुक्यात रक्तपेढी नव्हती, भूलतज्ज्ञ नव्हता, तो चांगला दिसेल. अंशात बाहेरगावची माणसं आली, छेदात ती नाहीत. म्हणून घटनेच्या ठिकाणाचा आकडा आहे की राहत्या ठिकाणाचा, हे चिठ्ठीवर लिहायलाच हवं.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. प्रयोगाची ३९ गावं आणि तुलनेची ४७. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला गेला. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून आशा ताई देशभर घरी जाऊन बाळं बघतात, ते याच धर्तीवर. मला यातलं मोलाचं वाटतं ते असं, की तुलनेची गावं आधी ठरवली होती आणि मोजणी दोन्हीकडे सारख्याच कसोशीने केली होती. चांगली तुलना कशी असते ते शिकायला दूर जावं लागत नाही. नागपूरहून चार तासांची वाट आहे.

यातून एक उफराटा नियम निघतो. मोजणी सुधारली की आकडा आधी वाढतो. ज्या देशात क्षयरोगाची तपासणी वाढली तिथे रुग्णही जास्त सापडतात. म्हणून एखाद्या देशाचा दर एकदम चढलेला दिसला, तर रोग वाढला की नोंद वाढली, हे आधी तपासा.

क्षयरोगावरूनच छेदाची आणखी एक गोष्ट. जगातले चतुर्थांशाहून थोडे जास्त क्षयरुग्ण भारतात आहेत, ही बातमी दरवर्षी येते आणि ती खरी आहे. पण जगातला दर सहावा माणूसही भारतीय आहे. दर लाखामागे बघितलं तर २०२३ मध्ये भारत १९५ वर होता, २०१५ मध्ये २३७ होता. फिलिपिन्समध्ये हाच दर ६०० च्या वर आहे. औषधं किती खरेदी करायची हे ठरवताना एकूण रुग्णसंख्या हवी, व्यवस्था कशी चालते हे बघताना दर हवा. दोन्ही लिहा, पण एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

पाचवी पायरी: वयाचा हिशेब

आता सुरुवातीच्या जपानच्या कोड्याकडे येऊ. हे गणित एकदा हाताने सोडवलं की जन्मभर विसरत नाही, म्हणून इथे थांबून वही काढा. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी बनवलेले आहेत.

तरुण देश: ९० टक्के लोक साठीच्या आतले, त्यांच्यात मृत्यू हजारी ३. १० टक्के साठीच्या पुढचे, त्यांच्यात हजारी ४५. एकूण दर: ०.९ गुणिले ३, अधिक ०.१ गुणिले ४५. म्हणजे २.७ अधिक ४.५, बरोबर ७.२.

म्हातारा देश: ६५ टक्के साठीच्या आतले, हजारी १.५. ३५ टक्के पुढचे, हजारी ३०. एकूण दर जवळपास ११.५.

नीट बघा. दोन्ही वयोगटांत म्हाताऱ्या देशात मरण कमी आहे, तरी एकूण दर जास्त. आता दोघांनाही एकच लोकसंख्या द्या, समजा ८० टक्के आतले आणि २० टक्के पुढचे. तरुण देश: २.४ अधिक ९, म्हणजे ११.४. म्हातारा देश: १.२ अधिक ६, म्हणजे ७.२. चित्र पार उलटलं. यालाच वय-प्रमाणित दर म्हणतात. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, पक्षाघात, असे वयाबरोबर वाढणारे आजार देशादेशांत ताडायचे असतील तर वय-प्रमाणित दरच घ्या. आकड्यांच्या संकेतस्थळांवर तो वेगळा दिलेला असतो, निवडताना लक्ष ठेवा. सरासरी आयुर्मान वापरलं तर ही अडचण येत नाही, कारण ते वयोगटवार दरांवरूनच काढतात.

सहावी पायरी: लहान संख्येपासून सांभाळा

एक आशा ताई साधारण हजार लोकवस्ती सांभाळते. महाराष्ट्राचा जन्मदर २०२० मध्ये हजारी १५ होता, म्हणजे तिच्याकडे वर्षाला पंधरा बाळंतपणं. लाखामागे ३३ या दराने एक मातामृत्यू सुमारे ३,००० जन्मांमागे होतो. हिशेबाने तिच्या गावात तो दोनशे वर्षांत एकदा व्हायला हवा. यंदा तो झाला, तर त्या गावाचं "मातामृत्यू गुणोत्तर" लाखामागे साडेसहा हजारांच्या वर जाईल. हा आकडा काहीच सांगत नाही. उलट तो वापरून त्या ताईला जाब विचारला तर अन्याय होतो, आणि असे जाब विचारले जाताना मी बैठकीत बसून ऐकले आहेत.

देशांचंही तेच. नॉर्वेत वर्षाला पन्नास-पंचावन्न हजार जन्म. तिथे एक मृत्यू इकडचा तिकडे झाला की गुणोत्तर जवळपास दोनने हलतं. छोट्या देशांच्या बाबतीत तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घ्या, आणि अंदाजासोबत दिलेली खालची-वरची मर्यादाही तक्त्यात उतरवा. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत घुसत असतील तर कोण पुढे, कोण मागे, हे ठामपणे लिहू नका.

सातवी पायरी: सरासरीच्या आत शिरा

२०२० मध्ये भारताचा अर्भकमृत्यूदर, म्हणजे एक वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्यूदर, हजार जिवंत जन्मांमागे २८ होता. केरळ ६, महाराष्ट्र १६, मध्य प्रदेश ४३. नागपूरहून उत्तरेला दोन तास गाडी चालवली की आपण १६ मधून ४३ मध्ये जातो. "भारत २८" या एका आकड्यात हे सगळं बुडून जातं. म्हणून प्रत्येक देशासाठी सरासरीसोबत एक दरी लिहा: गाव आणि शहर, गरिबातला गरीब पाचवा हिस्सा आणि श्रीमंत पाचवा हिस्सा, किंवा उत्तम आणि सर्वांत मागचं राज्य. जिथे सरासरी चांगली पण दरी रुंद, तिथे अजून बरंच काम बाकी असतं.

टक्केवारीची भाषाही इथेच सांभाळायची. कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या बायकांचं प्रमाण चौथ्या फेरीत ५३.१ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५७.० झालं. टक्केवारीचे ३.९ अंक वाढले, आणि मूळ प्रमाणाच्या मानाने वाढ ७.३ टक्के. दोन्ही खरं आहे, पण कोणतं लिहिताय ते स्पष्ट करा. रक्त बोटातून घेतलं की शिरेतून, यानेही हिमोग्लोबिनचा आकडा बदलतो. दुसऱ्या देशाशी ताडण्याआधी तेही चिठ्ठीवर हवं.

खर्चाबद्दल थोडक्यात. अमेरिका सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करते, तरी तिथलं आयुर्मान जपानच्या खाली आहे. म्हणून किती खर्च झाला यासोबत कोणी केला हे बघा. भारतात एकूण आरोग्य खर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. रुपये-डॉलरची थेट तुलना टाळा, क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या देशात त्या पैशात किती वस्तू येतात हे धरून दिलेले आकडे घ्या.

आठवी पायरी: निर्देशांक उघडून बघा

क्रमवारीबद्दल माझं मत कडक आहे. ती शेवटी बघावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, अमेरिका ३७, भारत ११२. पद्धतीवर एवढी टीका झाली की संघटनेने ती पुन्हा कधी लावली नाही. पंचवीस वर्षांनंतरही लोक भाषणांत तोच ११२ सांगतात.

मी स्वतः एकदा वर्गात सांगितलं होतं की जागतिक भूक निर्देशांकात भारत ९४ वरून १०१ वर घसरला. २०२० आणि २०२१ चे अहवाल. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं, आधी १०७ देश होते, नंतर ११६. ९४ भागिले १०७ म्हणजे ०.८८, १०१ भागिले ११६ म्हणजे ०.८७. रांग लांबली होती, आपली जागा जवळपास तीच होती. पुढच्या शनिवारी मी ते वर्गात दुरुस्त केलं. शिवाय त्या निर्देशांकातले चारपैकी तीन घटक पाच वर्षांखालच्या मुलांचे आहेत: खुजेपण, अंगाने वाळलेपण आणि मृत्यू. तो सगळ्या लोकसंख्येच्या भुकेचा आकडा म्हणून वाचणं चूक. पण म्हणून तो फेकूनही देऊ नका. भारतात खुज्या मुलांचं प्रमाण २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के होतं, ते आपल्याच कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलं आहे.

निर्देशांक कसा उघडायचा ते मानव विकास निर्देशांकावर करून दाखवते. १९९० पासून तो निघतो, महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून आलेला. भारताचे २०२३ चे आकडे घेऊ.

आयुर्मान ७२. किमान २० आणि कमाल ८५ धरतात. ७२ वजा २० म्हणजे ५२, भागिले ६५. उत्तर ०.८००.

शिक्षण: आज शाळेत जाणाऱ्या मुलाला अपेक्षित वर्षं १२.९५, भागिले १८, म्हणजे ०.७१९. प्रौढांनी प्रत्यक्ष शिकलेली सरासरी वर्षं ६.८८, भागिले १५, म्हणजे ०.४५९. दोघांची सरासरी ०.५८९.

उत्पन्न: क्रयशक्तीनुसार दरडोई सुमारे ९,०४७ डॉलर. १०० ते ७५,००० या पट्टीवर लॉगॅरिदमने मोजतात: (log ९,०४७ वजा log १००) भागिले (log ७५,००० वजा log १००). उत्तर ०.६८.

तिघांचा गुणाकार करा आणि घनमूळ काढा. ०.६८५ येतं, आणि अहवालातही तेच छापलं आहे. १९३ देशांत क्रमांक १३०.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे पाच मिनिटांचं काम आहे, पण आपल्याला मागे कोण ओढतं ते त्यातून लख्ख दिसतं: ०.४५९. शाळेची सरासरी सात वर्षंही पुरी न झालेली पिढी. १३० हा क्रमांक पाठ करून ते कधीच कळलं नसतं. निर्देशांक कोणताही असो, त्याचे घटक वेगळे काढून सर्वांत छोटा कोणता ते शोधा. तुमचा लेख तिथून सुरू होतो.

नववी पायरी: धूर कुणाचा?

शाश्वत विकासाच्या तुलनेत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो समजायला कोराडीची धुराडी पुरेशी आहेत. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेडा आहे. राख इथे पडते, धूर आपल्या आकाशात जातो, आणि वीज राज्यभराच्या जाळ्यात जाऊन मुंबई-पुण्यातले एसी चालवते. हे उत्सर्जन नागपूर जिल्ह्याच्या नावावर लिहायचं की वीज वापरणाऱ्यांच्या?

देशांचंही असंच आहे. उत्पादनावर आधारित हिशेबात धूर जिथे निघतो तिथे लिहितात. उपभोगावर आधारित हिशेबात तो माल वापरणाऱ्या देशाच्या खात्यावर जातो. कपडे, पोलाद, फोन बाहेरून आणणारा देश पहिल्या हिशेबात स्वच्छ दिसतो. म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा. शाश्वत विकासाच्या जागतिक अहवालात फिनलंड बरीच वर्षं अव्वल आहे. त्याच अहवालात वरच्या श्रीमंत देशांच्या आयातीचा भार दुसऱ्या देशांवर किती पडतो याचा वेगळा निर्देशांक असतो, आणि तिथे ते खाली दिसतात. तो रकाना सहसा कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

इथेही छेद बघायचा. कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा. दरडोई मोजलं तर वर्षाला सुमारे २ टन. जगाची सरासरी ४.७ च्या आसपास, अमेरिका १४ च्या. २०२२ च्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात भारत १८० देशांत शेवटचा ठरला, तेव्हा आपल्या सरकारने दरडोई उत्सर्जनाला पुरेसं वजन न दिल्याचा आक्षेप घेतला होता. आक्षेपात तथ्य आहे. पण हवेच्या बाबतीत दरडोईचा आडोसा घेता येत नाही, कारण श्वास प्रत्येकाला त्याच हवेत घ्यावा लागतो. सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपलं राष्ट्रीय मानक ४०. "मानकात बसते" असं कुणी म्हटलं की कोणत्या मानकात, हे लगेच विचारा.

दहावी पायरी: वाक्य लिहा

तक्ता झाला की प्रत्येक ओळीचं एक पूर्ण वाक्य लिहा. त्यात वर्ष, छेद आणि कोणी मोजलं हे यायला हवं. वाक्य लांबलं तरी चालेल. मग ते या विषयाशी संबंध नसलेल्या घरातल्या माणसाला वाचून दाखवा.

पेन्सिलने गोल काढणारी ती मुलगी यंदा श्रीलंका आणि महाराष्ट्र घेऊन बसली होती. तिने लिहिलं, "मातामृत्यूत श्रीलंका (२९) महाराष्ट्राच्या (३३) पुढे आहे." आम्ही चिठ्ठ्या काढल्या. २९ हा २०२० चा प्रारूपातून आलेला अंदाज, ३३ हा २०१८-२० चा नमुना पाहणीचा. पद्धती दोन, काळ थोडा वेगळा, फरक अवघा चारचा. तिने खोडून नव्याने लिहिलं: "उपलब्ध आकड्यांनुसार २०२० च्या सुमारास दोन्हीकडची पातळी लाखामागे ३० च्या आसपास होती, पुढे-मागे ठरवता येत नाही."

मग ती बराच वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझा प्रश्नच बदलला. अख्खा महाराष्ट्र श्रीलंकेएवढा असेल, तर मला आता गडचिरोलीतला धानोरा आणि नागपूरजवळचा कळमेश्वर, हे दोन तालुके बघायला पाहिजे."

तालुक्याला मातामृत्यू मोजायचा नाही, हे तिला सहाव्या पायरीत कळलं होतं. तिने नवं पान उघडलं आणि चार रकाने आखले: गरोदरपणातल्या तपासण्या, दवाखान्यात झालेली बाळंतपणं, सिझेरियनची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या दवाखान्याचं अंतर, आणि तिथे भूलतज्ज्ञ आठवड्यातले किती दिवस हजर असतो. पहिले दोन आकडे सरकारी अहवालांतून मिळतील. उरलेल्या दोहोंसाठी ती पुढच्या आठवड्यात एसटीने धानोऱ्याला चालली आहे.